पडदा धुवायला काढला

"दुसरा दिवा लावून बघा," अप्पा म्हणाले.

नाटकवाल्यानं वर बसलेल्या माणसाला हात केला. दुसरा दिवा लागला आणि पडद्यावरचं रान आणखीनच मेलं. काल संध्याकाळपर्यंत खालच्या कारखान्यात हेच रान कसं डोळ्यांत भरत होतं! दिवेलागणीची वेळ, बुंध्यांच्या मागून येणारा पिवळा उजेड, झाडांच्या पायाशी निळ्या सावल्या. आता तो पिवळा कुठं गेला कुणास ठाऊक. कोऱ्या मांजरपाटासारखा पांढराफटक पडला होता, आणि सावल्या काळ्याठिक्कर. आग लागून विझलेलं रान दिसत होतं ते.

"तिसरा?"

तिसरा लागला. त्यात आकाश जरा बरं वाटलं, पण झाडं चिखलात बुडाली.

नव्या नाट्यगृहाच्या पहिल्या रांगेत घरची मंडळी बसली होती. कडेला आत्या, अप्पांची बहीण, मांडीवर पिशवी घेऊन. ह्या पडद्याची शिवण न् शिवण तिच्या हातची. तिच्या शेजारी वहिनी, आणि वहिनीच्या पलीकडे तिचा नवरा, अप्पांचा मुलगा दादा, दोन्ही हात काखेत दाबून. अप्पांची मुलगी, धाकटी, तेवढी उभी होती, कारण तिला बसवत नव्हतं. ही इमारत तिची. म्हणजे मालकीची नव्हे, पण पायापासून गच्चीपर्यंत तिनं कागदावर काढलेली. खाली कारागिरांचे कारखाने आणि दुकानं, मधे हे छोटं नाट्यगृह आणि चित्रांचं दालन, वर राहती घरं. ज्या गल्लीत रिक्षावाला यायला नाही म्हणायचा, तिथं आता लोक मुद्दाम वाट वाकडी करून यायचे. घरात तिला सगळे इंजिनीअरबाई म्हणत. आपण आर्किटेक्ट आहोत हे सांगून सांगून तिचं तोंड दुखलं आणि मग तिनं सांगायचं सोडून दिलं.

अप्पांचा जुना कारखाना ह्याच जागेवर होता, वर राहतं घर. तो पाडायला घरच्यांनी होकार दिला तो तिच्या शब्दावर, आणि त्यावरून जी काही भांडणं झाली त्यांची धग अजून पुरती गेली नव्हती. ठरलं होतं ते इतकंच की नव्या इमारतीतला खालचा मोठा हॉल अप्पांचा, पण पडद्यांचं काम चालू असेल तोवरच. नाट्यगृहाच्या उद्घाटनाच्या नाटकाला अप्पांचा पडदा लागला की इमारतीची समिती काम चालू आहे असं धरणार. नाही लागला, तर हॉल कॉफीवाल्याला. हा कॉफीवाला रोज एकदा काचेतून आत डोकावून जायचा आणि अप्पा दिसले की वाकून नमस्कार करायचा. माणूस वाईट नव्हता, त्यामुळे त्याला धड शिव्याही घालता येत नव्हत्या.

"अप्पा," नाटकवाला शेवटी म्हणाला, "तुमच्या पडद्यांपुढे मी पोरवयात कामं केली आहेत. तुमच्या हाताला नाव ठेवणारा मी कोण? पण हे... लोकांना हे रान वाटणार नाही हो."

"नाही वाटणार," अप्पा म्हणाले.

"आपण असं करू, ह्या खेपेला मागच्या भिंतीवर यंत्रानं चित्र टाकू. तात्पुरतं."

"तात्पुरतं!" आत्या रांगेतूनच म्हणाली. "आमचे हेसुद्धा तात्पुरतेच गेले होते."

कुणी हसलं नाही. एरवी दादा हसला असता. अप्पा रंगमंचावर चढले, पडद्याच्या कडेला हात लावून उभे राहिले, कापड बोटांत घेऊन चुरून पाहिलं, आणि दिव्याकडे एकदा, कापडाकडे एकदा असं दोनतीनदा बघितलं. धाकटीला वाटलं ते आता रागावतील. ते रागावले असते तर किती बरं झालं असतं.

"उतरवा," ते म्हणाले. "खाली घेऊ."

पडद्याची गुंडाळी खांद्यावर घेऊन सगळे जिन्यानं उतरले. खाली हॉलमध्ये मात्र नेहमीप्रमाणे लख्ख ऊन होतं. रस्त्याकडची अख्खी भिंत काचेची, जमिनीपासून छतापर्यंत, आणि समोरच्या भिंतीला उंच उंच खिडक्या. ह्या उजेडावर धाकटीचा फार जीव. नकाशा पहिल्यांदा मांडला तेव्हा समितीतल्या म्हाताऱ्यांनीसुद्धा ह्या काचेवर बोट ठेवून वा वा केलं होतं. रस्त्यानं जाणाऱ्याला आतला कारागीर दिसला पाहिजे, आणि कारागिराला रस्ता, असं तिनं त्यांना सांगितलं होतं. बाकीच्यांचे नकाशे मागं पडले आणि तिचा निवडला गेला तो ह्या काचेमुळे.

खरं कारण तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. जुन्या कारखान्याला खिडक्या होत्या, पण त्या कधी उघडलेल्या तिनं पाहिल्या नाहीत. मागं उघडं गटार वाहायचं. लहानपणी ती खिडकीशी गेली की आई ओरडायची, "बंद राहू दे गं, घाण येते!" दिवसाढवळ्या दिवे लावून, त्या कोंदट अंधारात, रंगात कालवायच्या सरसाच्या वासात अप्पा उभे राहून रंगवायचे. शाळेतून आली की तिला आधी काही दिसायचंच नाही. मग हळूहळू दिव्याखालचा त्यांचा हात दिसायचा. तेव्हाच पोरीनं मनाशी धरलं होतं की मोठी झाले की अप्पांना ह्यातून बाहेर काढीन. आणि काढलं. गटार बुजवलं, खिडक्या दिल्या, दहा माणसांना पुरेल एवढा उजेड दिला. आई हे बघायला राहिली नाही एवढंच.

वहिनीनं थर्मासमधला चहा ओतला आणि सगळ्यांच्या हातात दिला. अप्पांनी कप घेतला आणि तसाच बाजूच्या स्टुलावर ठेवला.

"त्याचे दिवे चुकीचे आहेत," धाकटी म्हणाली. "असे पिवळट दिवे कोण लावतं हल्ली? मी बोलते त्याच्याशी. वर सगळी यंत्रणा माझ्याच ओळखीच्या माणसानं बसवली आहे. उन्हासारखा पांढरा दिवा मिळतो, तो लावायला सांगते."

"उन्हासारख्या दिव्यात नाटक करणार?" दादा म्हणाला. "रात्रीचा प्रवेश भर दुपारी?"

"मग काय करायचं ते तू सांग. सकाळपासून तोंडाला कुलूप लावून बसला आहेस."

"दिवे बरोबर आहेत, इंजिनीअरबाई. रंगमंचाचे दिवे असेच असतात." दादानं चहाचा घोट घेतला. "पडदा उन्हात रंगवलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? दिव्यात बघायचं ते दिव्यात रंगवायचं. पिवळ्या दिव्यात पिवळा पिवळा दिसायला किती घालावा लागतो, निळा किती मारावा लागतो, हे दिव्याखाली उभं राहिल्याशिवाय कळत नाही. उन्हात सगळंच छान दिसतं. म्हणून तर जुन्या कारखान्यात खिडक्या बंद असायच्या."

धाकटी त्याच्याकडे बघत राहिली. तिला हसूच आलं, कारण हे काहीतरीच होतं. "खिडक्या गटारामुळे बंद होत्या. आई म्हणायची."

"आईला घाण यायची म्हणून आई तसं म्हणायची. अप्पांच्या आजोबांच्या वेळी तिथं गटार कुठं होतं? तेव्हापासून खिडक्यांना खिळे मारलेले होते."

हॉलमध्ये एवढं ऊन होतं की दादाच्या कपातून निघणारी वाफसुद्धा दिसत होती. धाकटी अप्पांकडे वळली, पण अप्पा गुंडाळीशी वाकून दोरीची गाठ सोडवत होते, म्हणून ती आत्याकडे वळली. आत्या बोलली की खरं काय ते कळायचं, कारण आत्याला गोड बोलताच येत नाही.

"आत्या, हा काय सांगतोय?"

"मला काय विचारतेस?" आत्या म्हणाली. "पडदेवाल्याची पोर ना तू? दिवा आणि ऊन ह्यातलं अंतर कळत नाही तुला?"

"मला कुणी सांगितलं?"

"हे सांगायचं असतं? स्वयंपाकाला विस्तव लागतो हे कुणी सांगतं का? मी तर धरूनच चालले की तू ह्या काचांना आतून काहीतरी करणार असशील. फळ्या म्हण, जाड कापड म्हण. म्हटलं, एवढी शिकलेली आहे, तिच्या डोक्यात असेल काहीतरी."

"मला कुणी हात लावू दिला का कधी कशाला?" धाकटीचा आवाज चढला. तिला स्वतःलाच तो नवा वाटला. "ब्रश उचलला की अप्पा माझी बोटं पुसून द्यायचे. जा, अभ्यास कर. सरस ढवळायला गेले की जा, अभ्यास कर. पडदा धुवायला काढलात की तुम्ही सगळे पाण्यात, आणि मी माळ्यावर पुस्तक घेऊन! मला काय स्वप्न पडणार होतं?"

"तुला कसं पडणार?" दादा म्हणाला. "तू माळ्यावर होतीस तेव्हा सरस मी ढवळत होतो."

"मग तू का नाही बोललास? नकाशा तुला दाखवला होता मी. जुन्या कारखान्यात टेबलावर पसरून दाखवला होता. तू म्हणालास, छान आहे!"

दादानं कप खाली ठेवला. वहिनीनं त्याच्याकडे बघितलं, मग धाकटीकडे, आणि तिच्या बघण्यातच धाकटीला कळलं की अजून काहीतरी आहे.

"वहिनी?"

"मला मधे घेऊ नका," वहिनी म्हणाली.

"आधीच घेतलंय तुम्हाला. बोला."

"तुम्ही सांगणार का मी सांगू?" वहिनी दादाला म्हणाली. दादानं मान वळवली. "बरं. त्यांनी कॉफीवाल्याशी बोलून ठेवलंय. त्याचं दुकान इथं झालं तर सगळा कारभार हे बघणार."

आत्यानं पिशवी खाली ठेवली. "अरे! बापाचा कारखाना उठायच्या आधीच तुझी खुर्ची मांडून झाली?"

"हो, झाली," दादा म्हणाला, आणि आता तोही उठून उभा राहिला. "मला हा हॉल नको आहे, आत्या. मला तो कधीच नको होता. वर्षाकाठी किती पडदे लागतात सांग बरं? कोण मागतं? अप्पांच्या मागं हे मी चालवायचं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं, मला कधी विचारलं? हिला शिकवलं, मला जुंपलं. आता हिनं एवढा काचेचा महाल बांधला आणि मी त्यात बसून आल्यागेल्याला ब्रश मारून दाखवू? माकडासारखा?"

माकडासारखा म्हणताना त्यानं काचेकडे हात केला, म्हणून सगळ्यांचं तिकडे लक्ष गेलं. बाहेर माणसं उभी होती. समितीतल्या बाई पाहुण्यांचा एक घोळका घेऊन इमारत दाखवत फिरत होत्या. त्या काचेशी थांबल्या होत्या, आतल्यांकडे हात करून हसत काहीतरी समजावून सांगत होत्या. आवाज येत नव्हता. कारखान्यातला आवाज बाहेर जाऊ नये म्हणून धाकटीनं काच दुहेरी घातली होती. दादा ओरडत होता तेही बाहेर कुणाला ऐकू गेलं नव्हतं. फक्त हलणारी तोंडं आणि हातवारे दिसले असणार. घोळक्यातल्या एकानं फोटो काढला.

"हसा," आत्या म्हणाली. "घरची लक्तरं जरा नीट टिपू दे त्यांना."

बाई पाहुण्यांना घेऊन पुढच्या दुकानाकडे, वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडे गेल्या. धाकटीनं कपाळावरचा घाम पुसला. तिचं डोकं आता एकाच गोष्टीवर धावत होतं, इमारत बांधताना घोडं अडलं की धावायचं तसंच.

"ऐका," ती म्हणाली. "कोण काय म्हणालं ते नंतर बघू. नाटकाला अजून अवकाश आहे. सगळ्या काचांना आतून जाड काळं कापड लावू. मी आत्ता मागवते. अप्पा, दिवे लावून परत रंगवा. मी असेन, दादा नसेल तर नसू दे."

"कापड लावता येणार नाही," दादा म्हणाला. ह्या वेळी तो ओरडला नाही, आणि त्यामुळे ते जास्त लागलं. "काच झाकायची नाही अशी अट आहे. खालच्या सगळ्या दुकानांना. कुणीही काच झाकली, चिकटवलं काही, तर जागा काढून घ्यायची."

"ती अट जाहिरातींसाठी होती! दुकानदारांनी पाट्या चिकटवून सगळं विद्रूप करू नये म्हणून..."

"म्हणून तू घातलीस. माहीत आहे मला."

ती अट धाकटीनं भांडून घालून घेतली होती. समितीतले लोक म्हणत होते, जाऊ द्या हो, इतकं कशाला ताणता. ती ताणत बसली होती.

"मग संध्याकाळी. अंधार पडल्यावर."

"संध्याकाळी सरस उकळायचा नाही," वहिनी हळूच म्हणाली. "वरच्या घरांतून तक्रार आली होती ना, वासाची. तेव्हाच ठरलं. वरची नवी माणसं बरीच आहेत आता. आपल्या गल्लीतली म्हणशील तर मोजकीच उरली." मग काय वाटलं कुणास ठाऊक, ती धाकटीजवळ येऊन उभी राहिली. घर पाडायच्या वेळी ह्याच वहिनीनं तिच्याशी बोलणं टाकलं होतं. "मी तुला दोष देत नाही बरं. खरंच सांगते. वर घरात ऊन येतं, माझा खोकला गेला. आधीच्या घरात मी रात्र रात्र बसून काढत होते. तू सगळं वाईट केलंस असं कुणी म्हणू नये."

त्या बोलण्यानं धाकटीला रडू फुटायला आलं. शिव्या सोसत होत्या, हे सोसेना.

"मी समितीकडे जाते," ती म्हणाली. "पाया पडेन हवं तर. एका माणसासाठी एक काच झाकली तर काय आभाळ कोसळणार आहे? अप्पा, तुम्ही फक्त हो म्हणा. परत रंगवता ना?"

इतका वेळ अप्पांनी कुणाच्या बोलण्यात तोंड घातलं नव्हतं. त्यांची गाठ सुटली होती. पडदा जमिनीवर मोकळा करून, गुडघ्यांवर हात ठेवून ते सावकाश उभे राहिले. खाली उन्हात ते रान पुन्हा जिवंत झालं होतं. पिवळा उजेड बुंध्यांमागून येत होता, सावल्या निळ्या होत्या. बघणाऱ्याला वाटावं, ह्यात काय वाईट आहे?

"दादाला बोलू नकोस," अप्पा म्हणाले. "तो मला म्हणाला होता, धाकटीला सांगू या. मीच म्हटलं, नको."

"का?"

"तू नकाशा दाखवायला आलीस ना, तेव्हा तुझं तोंड बघितलं होतं मी. अप्पा, तुम्हाला उजेड, अप्पा, तुम्हाला उजेड, एवढंच चाललं होतं तुझं." त्यांनी काचेकडे बघितलं. "आणि सगळे म्हणत होते, काच आहे म्हणून तुझा नकाशा निवडला जाईल. मी म्हटलं असतं, काच काढ, तर काय झालं असतं? दुसऱ्या कुणाचा तरी निवडला असता. मग ही गल्ली कुणी बांधली असती, कशी बांधली असती? गटार तसंच राहिलं असतं. एका माणसाच्या पडद्यासाठी एवढं कशाला?"

"पण तुमच्यासाठीच केलं होतं ना ते! बाकी सगळं नंतरचं होतं, अप्पा. आधी तुम्हीच होता."

"कळतं गं मला."

"मग पडदा रंगवायला का घेतलात? माहीत होतं ना, उन्हात जमत नाही?"

आत्यानं तोंड फिरवलं. पुढं काय येणार ते तिला माहीत असावं.

"मला वाटलं, मला जमेल," अप्पा म्हणाले. "सगळा जन्म ह्यात गेला. म्हटलं, मला आता दिवा कशाला लागतो? डोळे मिटून सांगेन मी, कुठला रंग दिव्याखाली किती उतरतो. सावली रंगवताना मनात म्हणायचो, दिव्यात ही अशी दिसेल, म्हणून इथं जरा फिका घेऊ. सगळं धरून चाललो होतो. तुझ्या उजेडात दिव्याचा पडदा काढून दाखवीन म्हटलं. कुणाला पत्तासुद्धा लागणार नाही." त्यांनी पायाशी पसरलेल्या रानाकडे बघितलं. "दिवा लागला आणि मलाच ओळखू येईना, की हा माझा हात आहे."

"एकदा चुकलं, अप्पा. परत..."

"नाही. चुकलं असतं तर परत केलं असतं. काही येतच नव्हतं मला. दिव्याला येत होतं. मी नुसता त्याच्यापुढं उभा राहात होतो." आवाजात काही नव्हतं, ना राग, ना रडणं. बाजारातून काही आणायचं राहिलं हे सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. "आता माझ्याच्यानं होणार नाही. कॉफीवाल्याला कळव रे."

दादा मान खाली घालून उभा होता. जे हवं होतं ते मिळाल्यावर माणूस असा दिसतो हे धाकटीला कधी माहीत नव्हतं. तिला त्याच्यावर चिडायचं होतं, पण चीड येत नव्हती. तिला कुणावर तरी चिडायचं होतं, आणि फिरून फिरून ती स्वतःपाशीच येत होती.

"पाणी तापत ठेव," अप्पा आत्याला म्हणाले.

"अरे, नको," आत्या म्हणाली. "राहू दे की घरात. सूनबाईच्या खोलीत भिंतीला लावू. उन्हात किती छान दिसतंय बघ! निदान दिवसा तरी बघता येईल."

"न लागलेला पडदा ठेवत नाहीत."

घरची पद्धतच होती ती. ज्या पडद्यापुढं नाटक झालं नाही तो ठेवायचा नाही, धुवायचा, आणि कापड कोरं करून पुढच्या कामाला घ्यायचं. ज्यानं रंगवला त्यानं धुवायला हात लावायचा नाही, घरातल्या दुसऱ्या कुणी धुवायचा. सरसात कालवलेला रंग गरम पाण्यानं सुटतो. आत्यानं कोपऱ्यातली चूल पेटवली आणि पाण्याचं मोठं पातेलं चढवलं. पुढचं काम आहे कुठं, असं कुणी विचारलं नाही.

पाणी तापलं तेव्हा अप्पांनी भिंतीवरून लांब दांड्याचा कुंचा काढला. सवयीनं दादानं हात पुढं केला. अप्पांनी कुंचा धाकटीसमोर धरला.

"मला येत नाही," ती म्हणाली.

"धुवायला काय यायचंय? वरून खाली घे. आकाश आधी."

चपला काढून, साडी खोचून ती पडद्यावर उतरली. जन्मात कधी तिला ह्या कापडावर पाय ठेवू दिला नव्हता. आत्यानं पाणी ओतलं, वाफ उठली, आणि तोच सरसाचा वास आला, अंधाऱ्या कारखान्याचा. तिनं कुंचा फिरवला. आकाश लगेच सुटलं. मग तो पिवळा, मग पानं, मग बुंधे. अप्पा कडेनं सांगत होते, "जोर लावू नकोस. कापड खरवडायचं नाही. हां, असं." इतक्या वर्षांनी ते तिला शिकवायला लागले होते, आणि ते हे शिकवत होते. वहिनी दुसरा कुंचा घेऊन खालच्या टोकाला लागली. दादा बादल्या आणू लागला. कुणाला न सांगता सगळे आपापल्या जागी गेले, जसे जुन्या कारखान्यात जायचे. फक्त माळ्यावर कुणी नव्हतं.

गढूळ पाणी जमिनीवरून हॉलच्या मधल्या नालीकडे वाहत गेलं आणि कुठंही न थांबता आत उतरलं. अप्पा ते बघत राहिले.

"उतार चांगला दिलायस," ते म्हणाले. "जुन्या कारखान्यात पाणी फार साचायचं. तुझी आई वैतागायची."

तेव्हा मात्र धाकटीला आवरेना. कुंच्याच्या दांड्यावर डोकं टेकून, रंगीत पाण्यात उभी राहून ती रडली. "अप्पा, मी काय करून बसले हो," एवढंच म्हणत राहिली. कुणी तिच्याजवळ गेलं नाही. वहिनी जायला निघाली तर आत्यानं तिचा हात धरला.

बाहेर समितीतल्या बाई पाहुण्यांना घेऊन परत आल्या होत्या. ह्या वेळी माणसं जास्त होती, रस्त्यानं जाणारीही थांबली होती. काचेला नाकं लावून ती सगळी आत बघत होती. वाफ, जमिनीवरून वाहणारे रंग, पाण्यात उभ्या बायका, कडेला म्हातारा उस्ताद. घोळक्यातल्या कुणीतरी टाळी वाजवली, मग शेजारच्यानं, मग सगळ्यांनीच. आत आवाज आला नाही. फक्त पुष्कळ हात एकमेकांवर आपटताना दिसत होते.

अप्पा गोंधळले. पडदेवाल्याला कधी कुणी टाळ्या वाजवत नाही. पडदा वर जातो तेव्हा वाजतात त्या नाटकाला, आणि पडदेवाला तेव्हा मागच्या दारानं घरी गेलेला असतो. त्यांनी मागं वळून पाहिलं, दुसरं कुणी उभं आहे का ते. कुणी नव्हतं. मग त्यांनी हात धोतराला पुसले आणि काचेकडे तोंड करून नमस्कार केला.

"तोंड पूस गं," ते मान न वळवता म्हणाले. "लोक बघतायत."

धाकटीनं पदरानं तोंड पुसलं. पदराला लागलेला निळा गालावर उतरला. मग तिनं कुंचा उचलला आणि राहिलेल्या झाडांवर फिरवला.